वक्ररेषेला वळण लावताना

प्रयोगशाळेत तुम्ही कधी ना कधी गरम पाणी निवण्याचा प्रयोग केला असेल. दर मिनिटाला तापमान मोजायचे, आलेखाच्या कागदावर बिंदू मांडायचे, आणि मग शिक्षक सांगतात, "बिंदू पट्टीने जोडू नका. त्यांतून एक सफाईदार वक्ररेषा काढा." वर्गात चाळीस विद्यार्थी असतील तर चाळीस निरनिराळ्या वक्ररेषा तयार होतात आणि प्रत्येकाला आपलीच सफाईदार वाटते. पण सफाईदार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवूनही तो मला पडला नव्हता. मला तो शिकवला एका सुतारमिस्त्रींनी.

त्याचे असे झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनासाठी प्लायवुडची एक कमान करायची होती. मी हौसेने कॉम्प्युटरवर तिचे आरेखन केले. सात बिंदू दिले आणि सॉफ्टवेअरने त्यांतून जाणारी एक सुरेख वक्ररेषा काढून दिली. मग लक्षात आले, की एका बाजूला झाडाची फांदी आड येते, तिथे कमान चार बोटे खाली घ्यायला हवी. मी तेवढा एकच बिंदू माऊसने पकडून खाली ओढला, पूर्ण मापाचा नवा कागद छापून घेतला आणि मिस्त्रींच्या हवाली केला. त्यांनी प्लायवुड कापले, कडेवरून तळहात फिरवला आणि ते थांबले.

"सर, इथं हाताला फुगवटा लागतोय. पहिल्या कागदात तो नव्हता. तुम्ही तर पलीकडं बदल केला होता ना?"

मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून पाहिले. मिस्त्रींचा हात बरोबर होता. जो बिंदू मी खाली ओढला होता त्याच्या शेजारचा बिंदू ओलांडला, की पलीकडे रेषा थोडी वर उचलली गेली होती. प्लायवुडचा एक तक्ता वाया गेला. मिस्त्रींनी दुसऱ्या तक्त्यावर खिळे ठोकले, लाकडाची एक बारीक, लवचिक पट्टी त्यांना टेकवून वाकवली आणि पेन्सिलीने रेषा ओढून काम पुरे केले.

तक्त्याचे पैसे मी भरले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी का दिसावा? आणि बदल जिथल्या तिथे ठेवून रेषेची सफाई कशी टिकवावी? गंमत अशी, की जहाजे, विमाने आणि मोटारी बांधणाऱ्यांना हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर शोधताना गणिताची एक नवी शाखाच उभी राहिली.

मिस्त्रींची पट्टी

मिस्त्रींची युक्ती फार जुनी आहे. जहाजाची बाजू पाण्यातून सहज सरकावी म्हणून तिचे वळण सफाईदार असावे लागते. जहाजबांधणीच्या कारखान्यात एका मोठ्या दालनाच्या जमिनीवर जहाजाच्या वळणांचे पूर्ण मापाचे रेखाटन करीत. त्यासाठी लाकडाच्या लांब लवचिक पट्ट्या वापरीत. अशा पट्टीला इंग्रजीत 'स्प्लाइन' म्हणतात. ती हव्या त्या जागी दाबून धरण्यासाठी शिशाची वजने ठेवीत. त्यांचा आकार पाहून कारागीर त्यांना 'डक' म्हणजे बदक म्हणत. पुढे विमानांच्या कारखान्यांतही हीच पट्टी आणि हीच बदके आली.

तुम्हीही हे करून पाहा. एका फळीवर चार-पाच खिळे थोडे वरखाली ठोका आणि प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा बांबूची बारीक कामटी त्यांच्यामधून वाकवून घाला. पट्टी आपोआप एक डौलदार आकार घेईल. तिला हा आकार कोणी सांगितला?

उत्तर पदार्थविज्ञानात आहे. वाकलेल्या पट्टीत ऊर्जा साठते. पट्टी जितकी जास्त वाकेल तितकी ऊर्जा जास्त. घरंगळणारी गोटी जशी खड्ड्याच्या तळाशी जाऊन थांबते, तशीच ही पट्टी खिळ्यांनी घातलेले बंधन पाळून, कमीत कमी ऊर्जा लागेल अशा आकारात स्थिर होते. म्हणजे गरजेपेक्षा एक कणभरही जास्त वाकायचे नाही, हा पट्टीचा स्वभाव आहे. डोळ्यांना जी सफाई दिसते ती या काटकसरीतून येते.

आता थोडे पुढे जाऊ. पट्टी एखाद्या ठिकाणी किती जोराने वाकली आहे याला तेथील 'वक्रता' म्हणतात. लहान वर्तुळाची वक्रता जास्त, मोठ्याची कमी आणि सरळ रेषेची शून्य. दोन खिळ्यांच्या मधे पट्टीला कोणीही स्पर्श करीत नाही, म्हणून तिथे वाकवणारा परिणाम एका दराने, सरळ रेषेत बदलतो. वक्रताही तशीच बदलते. हे समजायला गतीचे उदाहरण घ्या. त्वरण स्थिर असेल तर अंतर काळाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे तुम्ही शिकला आहात. त्वरणच जर एका दराने वाढत असेल तर अंतरात काळाचा घन येतो. त्याचप्रमाणे, पट्टी फार वाकलेली नसेल तर दोन खिळ्यांमधील तिचा आकार त्रिघाती समीकरणाने मिळतो, म्हणजे ज्यात क्ष³ पर्यंतची पदे आहेत अशा समीकरणाने.

प्रत्येक दोन खिळ्यांत वेगळा त्रिघाती तुकडा असतो. पण खिळ्यापाशी दोन तुकडे असे भेटतात, की तिथे दिशा तर सारखी असतेच, पण वक्रताही सारखी असते. म्हणून सांधा कुठे आहे हे हाताला कळत नाही. रुमानियात जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे गणिती आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ साली अशा तुकड्यातुकड्यांच्या वक्ररेषांवर लेख लिहिले. त्यांनी नाव दिले तेही कारागिरांच्या पट्टीचेच : स्प्लाइन.

एक खिळा हलवला तर

आता माझा गुन्हा कुठे झाला ते पाहा. पट्टी अखंड आहे. एक खिळा हलवला, की त्याच्या शेजारच्या खिळ्यापाशी पट्टीचा उतार बदलतो. तो बदलला, की त्याच्या पुढच्या खिळ्यापाशीही बदलावा लागतो. असे ते लोण शेवटच्या टोकापर्यंत जाते. खिळे सारख्या अंतरावर असतील आणि पट्टी लांब असेल तर गणित असे सांगते, की उतारातला हा बदल पुढच्या प्रत्येक खिळ्यागणिक सुमारे २७ टक्के उरतो आणि त्याची दिशा दरवेळी उलटते. चार खिळे पुढे गेले की अर्धा टक्काच शिल्लक राहतो. पण पहिल्या एकदोन घरांत तो डोळ्यांना दिसतो आणि हाताला तर हमखास लागतो. मी बिंदू खाली ओढला, म्हणून शेजारच्या बिंदूपलीकडे रेषा वर उचलली गेली. माझे सॉफ्टवेअर मिस्त्रींच्या पट्टीचेच गणित करीत होते!

तुम्ही म्हणाल, तुकडे कशाला हवेत? सगळ्या बिंदूंतून जाणारे एकच मोठे समीकरण का शोधू नये? दोन बिंदूंतून एक सरळ रेषा जाते, तीन बिंदूंतून वर्गसमीकरणाची वक्ररेषा, मग अकरा बिंदूंतून दहाव्या घाताची काढता येईलच. येते, पण ती भलतीच वागते. कार्ल रुंगे या जर्मन गणितज्ञाने १९०१ साली याचे एक उदाहरण दाखवले. य = १ ÷ (१ + २५क्ष²) ही वक्ररेषा एखाद्या लहान टेकडीसारखी आहे, तिची उंची कधीच १ च्या वर जात नाही. क्ष = –१ पासून क्ष = १ पर्यंत सारख्या अंतरावर तिच्यावरचे अकरा बिंदू घेऊन त्यांतून दहाव्या घाताची वक्ररेषा काढली, तर दोन्ही टोकांजवळ ती एवढी उसळते, की चूक १.९ च्या घरात जाते. म्हणजे टेकडीच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट! आणि बिंदू वाढवावेत तर चूक आणखी वाढते. तेव्हा तुकड्यांना पर्याय नाही.

दोन कारखाने, एकच रेषा

१९६० च्या आगेमागे यंत्राने धातू कापण्याचे काम आकड्यांच्या साह्याने होऊ लागले होते. यंत्राला आकडे द्यायचे तर वळणाचे गणित हवे. पण मोटारीचे वळण असे : कलावंताने चित्र काढायचे, त्यावरून मातीचे किंवा प्लास्टरचे प्रतिरूप करायचे, त्यावरून मापे घेऊन साचे करायचे. प्रत्येक पायरीवर थोडा फरक पडे. शेवटी 'खरे' वळण कोणते, याचे उत्तर कोणाजवळच नसे.

फ्रान्समधील सित्रोएन या मोटार कंपनीत १९५८ साली पॉल द कास्तेल्जो हा तरुण गणिती नोकरीला लागला. १९५९ मध्ये त्याने वळणे काढण्याची एक विलक्षण सोपी रीत शोधली. परंतु कंपनीने ती गुपित ठेवली. त्याच सुमारास प्रतिस्पर्धी रेनॉ कंपनीत पिएर बेझिए हे अनुभवी अभियंते याच प्रश्नावर स्वतंत्रपणे काम करीत होते. ते वेगळ्या वाटेने निघाले आणि त्याच वक्ररेषांपाशी पोहोचले. त्यांना आपले काम प्रसिद्ध करता आले, त्यामुळे जगभर या वक्ररेषा 'बेझिए वक्र' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. द कास्तेल्जो यांचे काम पुष्कळ उशिरा बाहेर कळले. आज ती वक्ररेषा काढण्याच्या रीतीला त्यांचे नाव आहे. बेझिए १९९९ साली वारले आणि द कास्तेल्जो २०२२ साली. प्रसिद्ध न झालेले संशोधन कितीही चांगले असले तरी त्याचे श्रेय कसे हुकते, याचे हे एक उदाहरण आहे.

वहीवर करून पाहा

द कास्तेल्जो यांची रीत समजण्यासाठी कॉम्प्युटर नको, आलेखाचा कागद आणि पट्टी पुरे. कागदावर चार बिंदू मांडा : क (०, ०), ख (०, ८), ग (८, ८) आणि घ (८, ०). क-ख, ख-ग आणि ग-घ हे रेषाखंड काढा. वक्ररेषा क पासून निघेल आणि घ ला पोहोचेल. ख आणि ग यांतून ती जाणार नाही. ते दोघे तिला फक्त आपल्याकडे ओढतील.

आता तिन्ही रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा. ते येतात (०, ४), (४, ८) आणि (८, ४). हे तीन बिंदू क्रमाने जोडा आणि या दोन नव्या रेषाखंडांचे मध्यबिंदू घ्या : (२, ६) आणि (६, ६). हे दोघे जोडा व पुन्हा मध्य घ्या : (४, ६). झाले! हा बिंदू वक्ररेषेवर आहे. शिवाय शेवटी काढलेला रेषाखंड, म्हणजे (२, ६) ते (६, ६), हा तिथे वक्ररेषेला स्पर्शिका असतो. म्हणजे बिंदूबरोबर दिशाही फुकट मिळाली.

मध्यबिंदूऐवजी प्रत्येक वेळी पाव अंतरावरचा बिंदू घेतलात तर? पहिल्या फेरीत (०, २), (२, ८), (८, ६). दुसऱ्या फेरीत (०.५, ३.५) आणि (३.५, ७.५). तिसऱ्या फेरीत (१.२५, ४.५). हा वक्ररेषेवरचा दुसरा बिंदू. असेच पाऊण अंतर घेऊन तिसरा बिंदू तुम्ही काढा. पाच-सहा बिंदू मिळाले, की वक्ररेषा तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहील. कॉम्प्युटर हेच करतो, फक्त क्षणात हजारो वेळा करतो.

चार वजनांचा गुरुत्वमध्य

या रीतीत एक ओळखीचे सूत्र लपले आहे. (अ + ब)³ = अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³ हे तुम्हाला पाठ आहे. पाव, अर्धे, पाऊण असे जे प्रमाण आपण घेतो त्याला प म्हणू. ब च्या जागी प आणि अ च्या जागी (१ – प) घाला. बेरीज १ असल्यामुळे डावी बाजू १ होते, आणि उजवीकडची चार पदे म्हणजे त्या १ चे चार वाटे होतात. हे चार वाटे वजने समजून अनुक्रमे क, ख, ग आणि घ या बिंदूंवर ठेवा. त्यांचा गुरुत्वमध्य जिथे येईल तिथे वक्ररेषेचा बिंदू असतो!

प = १/२ असताना वजने १/८, ३/८, ३/८ आणि १/८ अशी होतात. ख आणि ग यांची उंची ८, इतर दोघांची शून्य, म्हणून गुरुत्वमध्याची उंची ३ + ३ = ६. आपल्याला हेच मिळाले होते. प शून्याजवळ असताना जवळजवळ सगळे वजन क वर असते. प वाढत जातो तसे वजन ख कडे, मग ग कडे आणि शेवटी घ कडे सरकते. त्याबरोबर गुरुत्वमध्यही क पासून घ पर्यंत प्रवास करतो. त्या प्रवासाची वाट म्हणजेच बेझिए वक्र.

गुरुत्वमध्य वजनांच्या घेराबाहेर कधी जात नाही. म्हणून वक्ररेषाही चार बिंदूंनी वेढलेल्या क्षेत्राबाहेर जात नाही. रुंगेच्या उदाहरणातील उसळी इथे संभवतच नाही. आरेखकाला हाच मोठा दिलासा असतो.

आता बदल करून पाहा. ग बिंदू ८ घरे वर उचलून (८, १६) वर नेला तर मधला बिंदू किती उचलला जाईल? त्याच्या वाट्याला ग चे वजन ३/८ आहे, म्हणून ३ घरे. तो (४, ९) वर येईल. ग चे वजन सर्वांत जास्त होते ते प = २/३ असताना, आणि तेव्हाही ते ४/९ च असते. म्हणजे तुम्ही बिंदू कितीही ओढा, रेषा त्याच्या निम्म्याहून कमीच सरकते, आणि तीही हळुवारपणे. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्ररेषेला जे 'हँडल' दिसतात ते म्हणजे हे ख आणि ग. त्यांना धरून रेषा वाकवणे सोपे का जाते, हे आता लक्षात आले असेल.

तोडणे आणि जोडणे

तरीही एक अडचण उरते. ख किंवा ग हलवला की दोन टोके सोडून सगळी रेषा थोडी थोडी हलते. मला फक्त एक भाग बदलायचा असेल तर? पहिला उपाय म्हणजे रेषा तोडणे. वर आपण मध्यबिंदू काढले त्यांतच तो तयार आहे. (०, ०), (०, ४), (२, ६), (४, ६) हे चार बिंदू घेऊन बेझिए वक्र काढा : मूळ रेषेचा डावा अर्धा भाग मिळेल. (४, ६), (६, ६), (८, ४), (८, ०) घेऊन काढा : उजवा अर्धा भाग मिळेल. रेषेचा आकार केसभरही बदलला नाही, पण आता तिला चाराऐवजी सात बिंदू आहेत. सॉफ्टवेअरमध्ये 'बिंदू वाढवा' असे सांगितले, की रेषा न हलता नवे हँडल उगवतात, त्यामागे हेच आहे.

आता उजवा भाग हलवला तर डावा जागचा हलत नाही. पण सांध्याचे काय? डावीकडचे हँडल (२, ६), सांधा (४, ६) आणि उजवीकडचे हँडल (६, ६) हे तिघे एका सरळ रेषेत आहेत, म्हणून सांध्यावर कोपरा दिसत नाही. त्यांतले एक हँडल त्या रेषेतून सरकले, की कोपरा आलाच. म्हणून पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये अशी दोन हँडले एका दांड्यासारखी जखडून ठेवण्याची सोय असते. एक फिरवले की दुसरेही फिरते.

पण कोपरा गेला म्हणजे सफाई आली का? नाही. इथे रेल्वेचे उदाहरण घेऊ. सरळ रूळ आणि त्याला स्पर्श करून सुरू होणारा ४०० मीटर त्रिज्येचा वर्तुळाकार रूळ अशी कल्पना करा. सांध्यापाशी कोपरा मुळीच नाही. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने गाडी आली. सरळ रुळावर बाजूचे त्वरण शून्य. वर्तुळावर ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ४०० ÷ ४०० = १ मीटर प्रति सेकंद वर्ग. सांधा ओलांडताच हे त्वरण शून्यावरून एकदम १ वर उडी मारते आणि उभ्या प्रवाशाला हिसका बसतो. दिशा अखंड होती, पण वक्रता अखंड नव्हती. म्हणून सरळ आणि वर्तुळाकार रुळांच्या मधे एक संक्रमण वक्र घालतात, ज्यात वक्रता शून्यापासून हळूहळू वाढत जाते. भारतीय रेल्वेत यासाठी त्रिघाती वक्र वापरतात. पुन्हा तोच क्ष³! मिस्त्रींच्या पट्टीचे आणि रुळाचे नाते असे जुळते.

डोळ्यांनाही हा हिसका कळतो. चकचकीत मोटारीच्या पत्र्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. पत्र्याची वक्रता जिथे एकदम बदलते तिथे प्रतिबिंबाची रेषा मोडल्यासारखी दिसते. मोटारीचे आरेखक म्हणूनच कॉम्प्युटरच्या पडद्यावर पत्र्यावर काळेपांढरे पट्टे पाडून तपासणी करतात.

बदल जिथल्या तिथे

तुकडे हाताने जोडताना प्रत्येक सांध्यावर वक्रता जुळवीत बसणे किचकट असते. त्यावर आणखी एक सुंदर युक्ती निघाली : बी-स्प्लाइन. हिच्यातही नियंत्रण करणारे बिंदू असतात आणि गुरुत्वमध्याचीच कल्पना असते, पण वजने अशी निवडलेली असतात, की लांबच्या बिंदूचे वजन अगदी शून्य व्हावे आणि प्रत्येक सांध्यावर दिशा व वक्रता आपोआप जुळावी. ही वजने कॉम्प्युटरवर जलद काढण्याची रीत मॉरिस कॉक्स आणि कार्ल द बोर यांनी १९७२ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली.

बिंदू नियमित क्रमाने घेतले तर नेहमीच्या त्रिघाती बी-स्प्लाइनच्या सांध्यावर फक्त तीन बिंदूंचे वजन असते : १/६, ४/६ आणि १/६. समजा, एक बिंदू ६ सेंटिमीटर खाली ओढला. त्याच्या समोरचा सांधा ४ सेंटिमीटर खाली येईल, दोन्ही बाजूंचे शेजारी सांधे १-१ सेंटिमीटर, आणि त्यापलीकडचे सांधे हलणार नाहीत. रेषेचे फक्त चार तुकडे बदलतील. उलट दिशेचा फुगवटा नाही आणि सांध्यावर हिसका नाही. मला कमानीसाठी नेमके हेच हवे होते!

मग सगळेच लोक हीच रेषा का वापरत नाहीत? कारण तिला किंमत मोजावी लागते. ती दिलेल्या बिंदूंतून जात नाही, त्यांच्या जवळून जाते. 'रेषा या खुणेवरून गेलीच पाहिजे' असे म्हटले, की पुन्हा सगळ्या बिंदूंची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात आणि आपण मिस्त्रींच्या पट्टीपाशी परत येतो. आपल्या तीन इच्छा असतात. रेषा दिलेल्या बिंदूंतून जावी, वक्रता अखंड असावी, आणि बदल जिथल्या तिथे राहावा. दर दोन बिंदूंमध्ये एकेकच त्रिघाती तुकडा वापरायचा असेल, तर या तीनही एकदम पुऱ्या होत नाहीत. कोणती सोडायची हे काम पाहून ठरवावे लागते. म्हणून आजच्या आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये बिंदूंतून जाणारी रेषा आणि बिंदूंनी ओढलेली रेषा असे दोन्ही पर्याय असतात. माझी चूक ही, की मी पहिला पर्याय निवडून दुसऱ्याच्या गुणांची अपेक्षा केली.

या वक्ररेषा आज आपल्या किती जवळ आहेत, ते तुमच्या हातात आहे. संगणकावर जुळणी केलेल्या कोणत्याही मराठी पुस्तकातले अक्षर घ्या. 'क' ची गोलाई, 'ळ' ची वेटोळी, वेलांटीचा फाटा, या सगळ्यांच्या कडा बेझिए वक्रांच्या तुकड्यांनी काढलेल्या असतात. म्हणूनच अक्षर पोस्टरएवढे मोठे केले तरी त्याच्या कडेला दाते पडत नाहीत. अक्षर म्हणून साठवलेले असतात ते फक्त थोडेसे बिंदू. वळण दरवेळी नव्याने काढले जाते.

पुढच्या वर्षी पुन्हा कमान झाली. या वेळी मी नियंत्रण-बिंदूंची रेषा काढली आणि छापण्याआधी 'वक्रतेचा कंगवा' लावून पाहिला. त्यात रेषेवर जागोजागी उभे दाते दिसतात, आणि जिथे वक्रता जास्त तिथे दाता लांब. दात्यांची टोके कुठे उडी मारत नसली, की समजावे रेषा ठीक आहे. मिस्त्रींनी कापलेल्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवला. या वेळी तो कुठे थांबला नाही.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. बेझिए वक्राने खरेखुरे वर्तुळ काढता येत नाही, पण त्याच्या फार जवळ जाता येते. (०, १), (०.५५२३, १), (१, ०.५५२३) आणि (१, ०) हे चार बिंदू घ्या. प = १/२ आणि प = १/४ असताना वक्ररेषेवरचे बिंदू काढा आणि पायथागोरसच्या प्रमेयाने त्यांचे (०, ०) पासूनचे अंतर मोजा. पहिले अंतर १ येईल आणि दुसरे १.०००३ च्या आसपास. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ही चूक पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ती मिस्त्रींच्या तळहाताला कळेल की नाही, याचा विचार तुम्ही करा!